कायरोनियाच्या सिंहापासून स्कोपयेच्या घोडेस्वारापर्यंत

ग्रीसला जायचं म्हटलं की लोक सांतोरिनी आणि मिकोनोस करतात, आम्ही तिकडे फिरकलोच नाही. मामाला आणि मला बघायचं होतं ते हे की उत्तरेकडच्या मॅसिडोनियाचा राजा फिलिप, म्हणजे मोठ्या अलेक्झांडरचा बाप, त्याने वीस-एकवीस वर्षांत अथेन्स, थीब्ज वगैरे भल्याभल्या ग्रीक नगरराज्यांना कसं वाकवलं, आणि तो राजा मुळात ग्रीक होता का नव्हता यावरून अजून एवढी भांडणं का होतात. साधीसुधी भांडणं नाहीत, ग्रीस आणि आताचा उत्तर मॅसिडोनिया या दोन शेजारी देशांनी 'मॅसिडोनिया' या नावावरून १९९१ पासून २०१८ पर्यंत एकमेकांना धरून ठेवलं होतं. मामा कोल्हापूरकडे शाळेत इतिहास शिकवायचा, आता रिटायर झालाय, मी फ्रँकफर्टला असते, तो माझ्याकडे आला होता, मी सुट्टी टाकली आणि अथेन्सला गाडी भाड्याने घेऊन आम्ही उत्तरेकडे निघालो.

शुक्रवार, अथेन्स

अक्रोपोलिसला प्रचंड गर्दी असते, पण समोरच्याच प्निक्स टेकडीवर संध्याकाळी जेमतेम दहा-बारा लोक. खडकात कोरून काढलेला एक चौथरा आहे आणि त्याच्यासमोर नुसती उघडी जमीन, बघायला तसं काही नाही. पण अथेन्सची सभा इथे भरायची. अथेन्सचा नामवंत वक्ता डेमॉस्थेनिस इथे उभा राहून वर्षानुवर्षं ओरडून सांगत होता की फिलिपपासून सावध राहा.

इ.स.पू. ३४१ च्या भाषणात तो म्हणतो की हा फिलिप ग्रीक तर नाहीच, ग्रीकांचा दूरचा नातेवाईकही नाही, अहो हा धड बरा रानटीसुद्धा नाही, जिथून पूर्वी कामाचा एक गुलामसुद्धा विकत मिळत नव्हता त्या मॅसिडोनियातला हा माणूस. मामाने हे सगळं त्या चौथऱ्यासमोर उभं राहून मराठीत म्हणून दाखवलं, आणि खरं सांगते, ऐकताना अंगावर काटा आला, कारण ही भाषा आपण आजही ऐकतो, फक्त नावं बदलतात.

आता गंमत बघा, याच शहरातला भाषणं लिहिणारा पंडित आयसॉक्रेटिस, वय नव्वदीचं, त्याने याच्या पाचच वर्षं आधी, इ.स.पू. ३४६ मध्ये त्याच फिलिपला जाहीर पत्र लिहिलं होतं की तू हेराक्लिसच्या वंशातला, तूच सगळ्या ग्रीकांना एकत्र कर आणि इराणवर चालून जा. शहर एक, काळ एक, राजा एक. एकाला तो रानटी दिसतो, दुसऱ्याला ग्रीकांचा पुढारी. मी मामाला म्हटलं, म्हणजे तो ग्रीक आहे का हे त्याच्या रक्तावरून ठरतच नव्हतं, तो तुम्हाला हवाय का नकोय यावरून ठरत होतं. मामा म्हणाला, "अगं, हे वाक्य लिहून ठेव, पुढे सगळीकडे लागणार आहे." खरंच लागलं.

त्याच्याही शंभर-दीडशे वर्षं आधीची गोष्ट हिरोडोटस या जुन्या ग्रीक इतिहासकाराने सांगितलीय. मॅसिडोनियाचा राजा पहिला अलेक्झांडर (मोठा अलेक्झांडर नव्हे, त्याचा पूर्वज) ऑलिंपिकला धावायला आला तर बाकीचे स्पर्धक म्हणाले, ही स्पर्धा ग्रीकांची आहे, परक्यांची नाही. मग त्याने आपलं घराणं मूळचं आर्गोसचं असल्याचं पंचांना पटवून दिलं, पंचांनी मान्य केलं आणि तो धावला. पण हे राजघराण्यापुरतं झालं. बाकीच्या मॅसिडोनियन शेतकरी-धनगरांना कुणी काही विचारलं नव्हतं.

हॉटेलकडे परत येताना रस्त्याकडेला अलेक्झांडरचा घोड्यावरचा पुतळा दिसला, तो अथेन्समध्ये २०१९ साली बसवलाय. फिलिपच्या खुनाची बातमी आली तेव्हा याच शहरात डेमॉस्थेनिस फुलांची माळ घालून लोकांसमोर आला होता, आणि त्याची स्वतःची मुलगी जाऊन तेव्हा फक्त सात दिवस झाले होते. आज त्याच फिलिपच्या मुलाचा पुतळा इथे आहे आणि तो परका आहे असं इथे कुणाला वाटत नाही.

शनिवार, थीब्ज आणि कायरोनिया

सकाळी थीब्ज. शहर अगदी साधं, बाजार, अपार्टमेंट, मध्येच कुंपण घातलेली उत्खननं, कारण जुनं शहर आजच्या शहराच्या खालीच आहे. म्युझियम मात्र फार सुंदर आहे, चुकवू नका.

फिलिप पंधरा-सोळा वर्षांचा असताना याच शहरात ओलीस म्हणून राहिला होता. त्या काळी ग्रीसमधलं सगळ्यात जबर सैन्य थीब्जचं, ल्यूक्ट्राच्या लढाईत स्पार्टाला लोळवलेलं, आणि हा पोरगा ते जवळून बघत होता. परत गेल्यावर राजा झाला, पायदळाला सारिसा म्हणजे पाच-सहा मीटरचा भाला दिला, बारा महिने कवायत करणारी फौज उभी केली, थ्रेसकडच्या सोन्याच्या खाणी ताब्यात घेतल्या त्यातून वर्षाला हजार टॅलंटच्या वर (टॅलंट म्हणजे त्या वेळचं मोठ्या रकमा मोजायचं माप) उत्पन्न यायला लागलं, आणि मग एकेक करत अँफिपोलिस घे, मेथोनी घे (तिथे त्याचा एक डोळा गेला), इ.स.पू. ३४८ मध्ये ऑलिंथस तर मुळापासून उखडून माणसं गुलाम म्हणून विकली, असं करत करत तो खाली सरकला. पैसा, लग्नं, लाच, तह, सगळं वापरलं. लग्नं सात. एक इलिरियन (आजच्या अल्बेनियाकडची), दोन थेसलीच्या, एक थ्रेसची, एपायरसची ऑलिंपियस म्हणजे अलेक्झांडरची आई, वगैरे. शुद्ध रक्ताचा विचार करायला त्याला वेळ नव्हता असं मला वाटतं.

दुपारी कायरोनिया. हायवेच्या अगदी कडेला सिंह आहे, आम्ही जवळजवळ पुढे निघून गेलो होतो. सायप्रसची झाडं, लोखंडी कुंपण, आत उंच चौथऱ्यावर संगमरवरी सिंह बसलेला. १८१८ मध्ये इंग्लिश प्रवाशांना तो तुकड्यांत सापडला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोडून उभा केला. जवळ गेलं की जोडल्याच्या रेषा दिसतात, छातीवरचा दगड एका ठिकाणी उजळ आहे आणि शेजारी करडा. तोंड किंचित उघडं. चेहरा मला चिडलेला वाटला नाही, थकलेला वाटला. मामाला चिडलेला वाटला.

इ.स.पू. ३३८ च्या उन्हाळ्यात एकीकडे अथेन्स आणि थीब्ज, दुसरीकडे फिलिप, त्याच्याकडे तीसेक हजार पायदळ आणि दोन हजार घोडेस्वार. उजव्या बाजूला स्वतः फिलिप अथेन्ससमोर, डाव्या बाजूला अठरा वर्षांचा अलेक्झांडर थीब्जच्या समोर. थीब्जचं 'पवित्र पथक' म्हणून तीनशे निवडक सैनिकांचं पथक होतं, ते जागचं हललं नाही, तिथेच संपलं. या सिंहाच्या भोवतालच्या आवारात खणल्यावर सात ओळींत ठेवलेले २५४ सांगाडे सापडले. आपण ज्या गवतावर उभं राहून फोटो काढतो त्याच जागी.

सिंहावर नाव नाही, काही नाही. इ.स.च्या दुसऱ्या शतकात पॉसानियस नावाचा प्रवासी इथे आला होता त्यानेही लिहून ठेवलंय की कबरीवर लेख नाही, आणि त्याला कारण वाटलं ते असं की त्यांच्या शौर्याला नशिबाची साथ मिळाली नाही म्हणून लिहिला नसावा. चरित्रं लिहिणारा प्लूटार्क तर याच कायरोनिया गावचा. तो सांगतो की ती प्रेतं बघून फिलिपच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅसिडोनियन सैनिकांना पुरल्याचा ढिगारा इथून थोडा पुढे शेतात आहे, तो बघायला मातीच्या रस्त्याने जावं लागतं, तिथे आम्ही दोघंच होतो. ग्रीक-रानटी हा वाद इकडे या ढिगाऱ्यापाशी मला फार लांबचा वाटला. दोन्हीकडची पोरं वीस-बावीसची असणार.

जिंकल्यावर फिलिपने अथेन्सचे कैदी खंडणी न घेता सोडले, मेलेल्यांच्या अस्थी मानाने पाठवल्या, कारण त्याला अथेन्सचं आरमार हवं होतं. थीब्जला मात्र प्रेतंसुद्धा पैसे देऊन सोडवावी लागली आणि किल्ल्यात मॅसिडोनियन शिबंदी बसली. पुढच्या वर्षी कोरिंथला सगळ्यांना बोलावून संघ केला, फक्त स्पार्टा आलं नाही. फिलिप गेल्यावर थीब्जने बंड केलं तेव्हा अलेक्झांडर इ.स.पू. ३३५ मध्ये येऊन धडकला आणि शहर जमीनदोस्त केलं. सहा हजार मेले, तीस हजार गुलाम म्हणून विकले असं जुने लेखक सांगतात. कवी पिंडारचं घर तेवढं ठेवलं.

मामा गाडीत बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "पण थीब्ज पाडायचा ठराव कुणी केला माहितीय का? शेजारच्या ग्रीक गावांनीच. प्लॅटिया, ऑर्कोमेनस, थेस्पिया, यांना थीब्जने आधी चिरडलेलं होतं, त्यांनी वचपा काढला." म्हणजे 'मॅसिडोनियन विरुद्ध ग्रीक' अशी सरळ रेघ मारताच येत नाही. थीब्ज स्वतः इराणच्या स्वारीत इराणकडून लढलेलं.

रविवार, रस्ता

दिवसभर ड्रायव्हिंग. थर्मोपिलीला चहा (कॉफी), इथे इराण्यांना अडवताना मेलेल्या स्पार्टाच्या राजाचा, लिओनिदासचा पुतळा बघितला, समुद्र तिथून आता लांब गेलाय त्यामुळे ती 'अरुंद खिंड' डोळ्यासमोर आणायला कल्पना करावी लागते. ऑलिंपस ढगात. पायथ्याशी दिऑन बघायचं होतं, मॅसिडोनियन राजे झ्यूसला बळी द्यायला तिथे यायचे, पण पोचेपर्यंत गेट बंद झालं होतं. रात्री थेसालोनिकी.

सोमवार, थेसालोनिकी आणि पेला

थेसालोनिकी हे नावच अलेक्झांडरच्या सावत्र बहिणीचं, तिच्या नवऱ्याने, कॅसांडरने वसवलेलं शहर. विमानतळाचं नाव मॅसिडोनिया, समुद्रकिनारी व्हाइट टॉवरपासून चालत गेलं की अलेक्झांडर घोड्यावर, बाजूला ढाली आणि भाले. नावाच्या वादाच्या वेळी २०१८ मध्ये इथे लाखोंनी लोक रस्त्यावर आले होते, 'मॅसिडोनिया म्हणजे ग्रीस' म्हणत. सकाळी बुगात्सा खाल्ला, आत क्रीम आणि वरून पिठीसाखर, मामाला एवढा आवडला की दुसरा घेतला.

एक गोष्ट मात्र इथे फिरताना सारखी मनात येते. हे शहर ग्रीसमध्ये आलं १९१२ साली, त्याआधी पाचशे वर्षं जवळजवळ तुर्कांकडे, तेव्हा इथे ज्यू सगळ्यात जास्त, शिवाय तुर्क, ग्रीक, बल्गेरियन, सगळे. १९२३ ला ग्रीस आणि तुर्कस्तानने धर्म बघून लोकांची अदलाबदल केली, मुसलमान तिकडे, ख्रिश्चन इकडे. आजच्या ग्रीक मॅसिडोनियातल्या कितीतरी लोकांचे पणजोबा काळ्या समुद्राकडून नाहीतर आशिया मायनरमधून उपाशीपोटी आलेले आहेत.

दुपारी पेला, तासाभराच्या आत. फिलिपची राजधानी, अलेक्झांडरचा जन्म इथला, इ.स.पू. ३५६. तेव्हा बंदर होतं, आता चहूकडे शेतं. मोझॅइकं बघताना वेळेचं भान राहत नाही. नदीतले गुळगुळीत गोटे आहेत नुसते, पांढरे, काळे, तांबूस, पिवळट, करवंदाएवढे किंवा त्याहून बारीक, आणि त्यातून सिंहाच्या शिकारीतल्या माणसाच्या पोटरीचा स्नायू काढलाय, कपड्याची फडफड काढलीय. हरणाच्या शिकारीच्या चित्रावर कारागिराने सही केलीय, 'ग्नोसिसने केलं'. ग्रीकमध्ये.

पण मला पेलाहून लक्षात राहिली ती शिशाची एक पट्टी. १९८६ मध्ये एका कबरीत सापडली. कुणा बाईने इ.स.पू. चौथ्या शतकात लिहून मेलेल्या माणसाबरोबर पुरलेला शाप आहे तो. थेतिमा आणि डायोनिसोफोनचं लग्न होऊ नये, त्याने दुसऱ्या कुठल्याही बाईशी लग्न करू नये, विधवा असो की कुमारिका, मीच त्याच्याबरोबर म्हातारी व्हावी, अशी विनवणी. ही राजाची भाषा नाही, दरबाराची नाही, अथेन्सहून पगारावर आणलेल्या लेखनिकाचीही नाही. साध्या बाईची बोली आहे आणि ती ग्रीकच आहे, डोरिक (ग्रीकची एक जुनी बोली) वळणाची. मॅसिडोनियन लोक काय बोलत होते यावरच्या वादात या पट्टीला फार वजन आहे, आणि माझ्या मते तरी निदान पेलातले लोक एक प्रकारचं ग्रीकच बोलत होते असं म्हणायला हरकत नाही. अथेन्सच्या माणसाला ते गावंढळ वाटत असेल, ते वेगळं.

मामाचं म्हणणं, भाषा आणि नावं यावरून सगळं ठरवू नको. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यात सतरा नंबरच्या लेण्यात दान देणारा इंद्राग्निदत्त, बापाचं नाव धम्मदेव, आणि स्वतःला म्हणवतो काय तर उत्तरेकडचा योनक, म्हणजे यवन, ग्रीक. नाव आपलं, धर्म बुद्धाचा, तरी ओळख ग्रीकांची लावतोय. "याला तू काय म्हणशील?" मी म्हटलं तो स्वतःला म्हणतोय तेच. मामा हसला, "मग हाच नियम सगळीकडे लाव."

मंगळवार, व्हर्जिना

या ट्रिपमध्ये एकच जागा बघायची असेल तर ही. व्हर्जिना म्हणजे जुनं एगाय, मॅसिडोनियाची पहिली राजधानी, राजधानी पेलाला गेल्यावरही राजांना पुरायला इथेच आणायचे. १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये मानोलिस अँड्रोनिकोस यांना मोठ्या टेकाडाखाली न लुटलेली शाही कबर सापडली. टेकाड परत तसंच रचून म्युझियम आत केलंय, त्यामुळे तुम्ही गवताच्या डोंगरात शिरता आणि आत काळोख. डोळे सरावायला वेळ लागतो. मग सोन्याची पेटी दिसते, झाकणावर सोळा किरणांचा तारा, याच्यात जळलेली हाडं होती, जांभळ्या कापडात गुंडाळलेली. सोन्याचा ओकच्या पानांचा मुकुट, ३१३ पानं आणि ६८ फळं, इतकी पातळ की शेजारून माणूस गेला तरी हलतील असं वाटतं. हस्तिदंताची बोटभर डोकी, त्यातल्या एका दाढीवाल्याच्या डोळ्यावर जखमेसारखी खूण, तो फिलिप असं मानतात. कबर फिलिपची का त्याच्या दुसऱ्या मुलाची, आर्‍हिडेयसची, का फिलिप शेजारच्या कबरीत, यावर अभ्यासकांचं अजून जमलेलं नाही, हाडांवरून वाद चालू आहे. मला तिथे उभं असताना त्याने फारसा फरक पडला नाही.

याच टेकाडाच्या मातीत साध्या लोकांच्या कबरींचे फुटके दगड सापडले, त्यांवरची नावं बहुतेक सगळी ग्रीक. आणि फिलिपच्या आईचा, यूरिडिकाचा दानलेखही इथलाच. ती बाई बाहेरच्या डोंगरी राजघराण्यातली, इलिरियन होती असंही म्हणतात, आणि देवीला दान देताना नाव ग्रीकमध्ये कोरतेय.

हा सोळा किरणांचा ताराच पुढे भांडणाचं कारण झाला. युगोस्लाव्हिया फुटल्यावर मॅसिडोनिया नावाने जो देश झाला त्याने १९९२ मध्ये लाल झेंड्यावर हाच तारा घेतला, ग्रीसचं पित्त खवळलं, १९९४ ला व्यापारबंदी घातली, १९९५ ला तडजोड झाली आणि झेंडा बदलला. आजच्या झेंड्यावर आठ किरणांचा सूर्य आहे.

वर राजवाडा, दुरुस्तीनंतर २०२४ च्या जानेवारीत उघडलेला, खांब उभे केलेत, अंगणात उभं राहिलं की खालचं सपाट मैदान लांबपर्यंत दिसतं. त्याच्या खालीच थिएटर. इ.स.पू. ३३६ मध्ये मुलीच्या लग्नाच्या सोहळ्यात फिलिप इथे पाहुण्यांसमोर पहारेकऱ्यांना लांब ठेवून चालत आला, बारा देवांच्या मूर्तींच्या मिरवणुकीत तेरावी मूर्ती स्वतःची, आणि त्याच्याच अंगरक्षकाने त्याला भोसकलं. (तोही पॉसानियसच नावाचा, मगाचचा प्रवासी वेगळा.) पाहुणे कोण होते, तर सगळ्या ग्रीसमधून बोलावलेले. मी परका नाही, तुमचाच आहे, हे दाखवायला केलेला तो समारंभ.

जेवलो ते गावातल्या छोट्या टॅव्हर्नात, मोठे पांढरे वाल टोमॅटोत शिजवलेले आणि फेटा. मालकीणबाई साठीच्या. मामाने विचारलं, तुम्ही इथल्याच का? त्या म्हणाल्या, आजी पोंटसची, काळ्या समुद्राकडची, पोर असताना आली, हे गावच तेव्हा निर्वासितांसाठी वसवलं. मग भिंतीवरच्या सोळा किरणांच्या ताऱ्याकडे हात करून म्हणाल्या, "पण हा आमचा आहे." त्यात दिखावा अजिबात नव्हता. घर गेलेल्या माणसांना ही माती मिळाली आणि मातीखाली हे निघालं, तर त्यांना ते आपलं वाटणारच.

बुधवार, प्रेस्पा

डोंगरातून वळणावळणाचा रस्ता, अस्वलांपासून सावधान असे बोर्ड, मग एकदम खाली तलाव. ग्रीस, अल्बेनिया आणि उत्तर मॅसिडोनिया, तिघांच्या वाट्याचा. पसारादेस नावाचं मच्छीमारांचं गाव, ठेंगण्या गाई रस्त्यावर बसलेल्या. १७ जून २०१८ ला इथे दोन्ही पंतप्रधानांसमोर, ग्रीसचे सिप्रास आणि पलीकडचे झाएव, परराष्ट्रमंत्र्यांनी नावाच्या करारावर सह्या केल्या. पलीकडची मंडळी बोटीने आली होती.

मी कराराचा मजकूर फोनवर उतरवून घेतला होता, पाण्याकाठी बसून मामाला वाचून दाखवला. देशाचं नाव उत्तर मॅसिडोनिया. नागरिक आणि भाषा मॅसिडोनियनच म्हणवतील. पण सातव्या कलमात दोघांनी लिहून दिलंय की मॅसिडोनिया, मॅसिडोनियन हे शब्द दोन्हीकडे वेगवेगळ्या अर्थाने वापरतात, ग्रीसकडे तो प्राचीन हेलेनिक म्हणजे ग्रीक वारसा आणि उत्तरेकडचा प्रदेश, पलीकडे त्यांची स्वतःची भूमी, भाषा, माणसं, आणि त्यांची भाषा दक्षिण स्लाव्ह कुळातली आहे, प्राचीन हेलेनिक संस्कृतीशी तिचा संबंध नाही. मला हे कलम खूप शहाणपणाचं वाटतं. कुणाचीच ओळख खोटी ठरवलेली नाही. स्लाव्ह लोक बाल्कनमध्ये सहाव्या-सातव्या शतकात आले, फिलिपनंतर हजारेक वर्षांनी, हे खरंच आहे, पण म्हणून आज तेराशे वर्षं त्या भूमीवर राहिलेल्या माणसाला तू अमुक म्हणवून घेऊ नकोस असं कसं सांगणार? दोन्हीकडे या करारावर लोक भडकले. तिकडच्या सार्वमताला जेमतेम ३७ टक्के लोक आले, इकडे सिप्रासचं सरकार मोडकळीला आलं.

गुरुवार, बिटोला

फ्लोरिनाहून निकीची सीमा ओलांडून उत्तर मॅसिडोनियात. गाडी पलीकडे न्यायला कंपनीकडून आधी परवानगीचा कागद आणि जादा इन्शुरन्स घ्यावा लागतो, आणि परत ग्रीसमध्ये शिरायचं असल्याने शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा. मामाचा पासपोर्ट बराच वेळ न्याहाळला, मग शिक्का.

बिटोलाबाहेर हेराक्लिया लिंकेस्टिस, फिलिपने वसवलेलं शहर. आज दिसतं ते रोमन आणि नंतरचं, चर्चच्या जमिनीवरची मोझॅइकं फार देखणी आहेत, पक्षी, डाळिंबाची झाडं. म्हणजे फिलिपचं शहर आजच्या सीमेच्या या बाजूला पण आहे. त्याच्या राज्याला आजच्या कुठल्याच देशाची सीमा लागू होत नाही.

शुक्रवार आणि शनिवार, स्कोपये

१९६३ च्या भूकंपात ही उत्तर मॅसिडोनियाची राजधानी उद्ध्वस्त झाली होती. २०१० नंतर सरकारने मध्यभागी भराभर पुतळे आणि खांबांच्या इमारती उभ्या केल्या, आणि मुख्य चौकात उंच खांबावर घोड्यावरचा प्रचंड योद्धा, खाली कारंजी. अधिकृत नाव 'घोड्यावरचा योद्धा', अलेक्झांडर कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं. दगडी पुलापलीकडे मूठ उंचावलेला फिलिप, जवळच ऑलिंपियस बाळाला घेऊन. कराराप्रमाणे नंतर खाली पाट्या लागल्या की हा वारसा प्राचीन हेलेनिक आहे. विमानतळाचं अलेक्झांडर हे नाव २०१८ मध्येच काढलं.

मला हे पुतळे बघून वाईट वाटलं, राग नाही आला. आधी सर्बियन म्हणायचे तुम्ही दक्षिण सर्ब, बल्गेरिया अजूनही म्हणतो तुमची भाषा म्हणजे बल्गेरियनची बोली आणि त्यावरून युरोपियन युनियनची वाट अडवून बसलाय, ग्रीस म्हणायचा तुमचं नाव आमचं. ज्या लोकांना सगळे शेजारी 'तुम्ही कुणी नाहीच' म्हणतात त्यांनी सगळ्यात मोठं नाव उचललं यात मला नवल वाटत नाही, पण त्यांना त्याची गरज नव्हती. हॉस्टेलच्या रिसेप्शनवरची मुलगी, पंचविशीची, तिने हेच सांगितलं. "मी मॅसिडोनियन आहे कारण आईशी ही भाषा बोलते. अलेक्झांडर ग्रीकांनी घेऊन जावा, मला चालेल. उत्तर हा शब्द मात्र मी कधी उच्चारत नाही." ती काही एकटी नाही, २०२४ मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेताना नुसतं मॅसिडोनिया म्हटलं आणि ग्रीसच्या राजदूत उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी जुन्या बाजारात, मातीच्या भांड्यात भाजलेलं तव्चे ग्रावचे खाताना शेजारच्या टेबलावरचे अल्बेनियन आजोबा मामाशी बोलायला लागले, तोडकंमोडकं जर्मन, मी मध्ये दुभाषी. त्यांचं म्हणणं, अलेक्झांडरची आई एपायरसची, म्हणजे इलिरियन, म्हणजे आमची, तेव्हा अलेक्झांडर अर्धा आमचा. मामाने त्यांना विचारलं, आणि ती स्वतःला काय म्हणवायची? एपायरसचं राजघराणं तर आपण अकिलीसचे वंशज म्हणून सांगायचं. आजोबा म्हणाले, राजे लोक काहीही सांगतात. दोघांचं तासभर चाललं, चहावर चहा आला, पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत.

रविवारी थेसालोनिकीला गाडी परत केली. दिऑन राहिलं, ऑलिंथस राहिलं, आणि पूर्वेकडे अँफिपोलिस, फिलिप्पी आणि त्या सोन्याच्या खाणींचा डोंगर. मामाने विमानात नकाशावर त्यांच्याभोवती पेन्सिलीने गोल करून ठेवलेत, आणि जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं की कायरोनिया आधी आणि व्हर्जिना नंतर, उलटं करू नका. सोनं आधी बघितलं की त्या मैदानात थांबायला मन होत नाही.